खुर्ची महापौरांची, सही आयुक्तांची : नांदेड-लातूरच्या नगरकारभाराचा इतिहास

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय तसा रुक्ष वाटेल असा आहे. महापौर. उद्घाटनाला येतात, नारळ फोडतात, पाहुण्यांना शाल घालतात आणि पेपरात ज्यांचा फोटो येतो, ते महापौर. या पदाचा काय इतिहास सांगणार, असं काहींना वाटलं असेल. म्हणून सुरुवातीला तुम्हाला एक साधा प्रश्न विचारतो. मे २०२२ मध्ये लातूर महानगरपालिकेची मुदत संपली. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर नांदेडची संपली. त्यानंतर जानेवारी २०२६ पर्यंत, म्हणजे तीन वर्षांहून जास्त काळ, या दोन्ही शहरांना महापौर नव्हता. या काळात तुमच्यापैकी किती जणांना महापौर नाही म्हणून चुकल्याचुकल्यासारखं वाटलं? खरं सांगा. हात वर करू नका, मनातल्या मनात उत्तर द्या.

माझ्या मते आजच्या व्याख्यानाचा खरा विषय हाच आहे. शहराचा प्रथम नागरिक तीन-साडेतीन वर्षं गायब होतो आणि शहराला पत्ता लागत नाही. हे कसं झालं? आपण बेफिकीर आहोत म्हणून झालं, की ते पदच असं घडवलंय की असलं काय, नसलं काय? याचं उत्तर इतिहासात आहे. आणि तो इतिहास आपल्या मराठवाड्यात उर्वरित महाराष्ट्रापेक्षा वेगळ्या वाटेनं आलेला आहे.

बलदियाचा काळ

आपल्याकडची जुनी माणसं नगरपालिकेला ‘बलदिया’ म्हणायची. बलद म्हणजे शहर, त्यावरून बलदिया. निजामाच्या राज्यातला हा शब्द. हैदराबाद शहरात नगरपालिकेचा कारभार १८६९ च्या सुमारास सुरू झाला. त्याच्या आधी चार-पाच वर्षं सालारजंगांनी जिल्हाबंदी केली होती, म्हणजे राज्याची जिल्ह्यांमध्ये नीट विभागणी केली होती. जिल्ह्याचा प्रमुख अधिकारी म्हणजे अव्वल तालुकदार. आजच्या भाषेत कलेक्टर. हाताखाली दुय्यम तालुकदार, तहसीलदार, अशी उतरंड.

मग जिल्ह्याच्या गावातले दिवे, रस्ते, झाडलोट कोण बघायचं? त्यासाठी लोकल फंड होता, समित्या होत्या. त्यांत गावातले प्रतिष्ठित लोक घेतले जायचे. पण समितीचा प्रमुख कोण? सरकारी अधिकारी. म्हणजे गावाच्या कारभाराची खुर्ची होती, तिच्यावर बसणारा मात्र वरून नेमलेला. त्याला गावातल्या माणसानं जाब विचारायचा म्हटलं तर विचारायचा कसा? तो गावाला बांधील नव्हताच. तो हैदराबादला बांधील होता.

सरहद्दीच्या पलीकडे चित्र थोडं वेगळं होतं. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८८२ चा. त्यानंतर मुंबई इलाख्यात नगरपालिकांमध्ये निवडून आलेले सभासद हळूहळू वाढत गेले. मतदानाचा हक्क फार थोड्यांना होता, मालमत्ता असलेल्यांना, कर भरणाऱ्यांना, हे खरं. तरीपण सोलापूरला, बार्शीला लोक नगरपालिकेच्या निवडणुका लढवत होते, भांडत होते, एकमेकांविरुद्ध पत्रकं काढत होते.

आता लातूर आणि बार्शी यांच्यात अंतर ते किती? १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरला येऊन पोचली. त्या छोट्या गाडीनं लातूरची बाजारपेठ वाढली. पुढे गंजगोलाई उभी राहिली, मधे गोल इमारत आणि तिच्याकडे येणारे सोळा रस्ते. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांची ती आखणी. म्हणजे व्यापार आला, रेल्वे आली, नगररचना सुद्धा आली. फक्त मत आलं नाही. इतकं देखणं शहर आखलं गेलं, पण त्या शहराचा प्रमुख निवडायचा हक्क शहराला नव्हता. हे विसंगत वाटतं, पण संस्थानी राजवटीत ते अगदी सुसंगत होतं. सुधारणा करायच्या त्या राजानं. लोकांनी घ्यायच्या.

दोन नगराध्यक्ष

१७ सप्टेंबर १९४८. हा दिवस तुम्हाला सांगायची गरज नाही. मुक्तिसंग्रामाबद्दल आपण बोलतो तेव्हा रझाकार, स्वामी रामानंद तीर्थ, सीमेवरची शिबिरं, पोलीस ॲक्शन, इथपर्यंत बोलतो आणि थांबतो. पण मुक्ती मिळाल्यावर गावाच्या कारभाराचं काय झालं, हे आपण फारसं बोलत नाही.

१९५१ मध्ये हैदराबाद राज्यानं नगरपालिका आणि नगर समित्यांसाठी कायदा केला. पुढे १९५६ मध्ये जिल्हा नगरपालिकांचा कायदा आला. तोवर प्रौढ मतदान आलं होतं. जमीन असो-नसो, बाई असो-पुरुष असो, मत. बघा, जिथं कालपर्यंत तालुकदार बसत होता, तिथं आता गावानं निवडून दिलेल्यांचा अध्यक्ष बसणार होता. ही मोठी गोष्ट होती. माझ्या दृष्टीनं मुक्तिसंग्रामाचं गावपातळीवरचं पहिलं फळ हेच.

या नव्या खुर्चीवर कोण बसलं? नांदेडला त्या पन्नासच्या दशकात नगराध्यक्ष झाले शंकरराव चव्हाण. स्वामीजींच्या चळवळीतून आलेले, वकिली सोडलेले तरुण कार्यकर्ते. तिथून ते १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात उपमंत्री झाले. पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे. पाटबंधारे, जायकवाडी, दोनदा मुख्यमंत्री, देशाचे गृहमंत्री. नांदेडला आज पाणी येतं ते विष्णुपुरीच्या जलाशयातून आणि त्या जलाशयाला त्यांचंच नाव आहे, शंकर सागर.

लातूरला साठच्या दशकाच्या उत्तरार्धात नगरपालिकेचे अध्यक्ष झाले शिवराज पाटील चाकूरकर. तेही वकील. तिथून विधानसभा, मग लोकसभा, सलग सात वेळा.

म्हणजे आपल्या दोन्ही शहरांनी नगराध्यक्षाच्या खुर्चीवरून देशाच्या राजकारणात माणसं पाठवली. एक शाळाच होती ती म्हणा. गटाराचा वास, नळाची भांडणं, मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांच्या तक्रारी हे सगळं अंगावर घेतलेला माणूस वर गेला की त्याला कारभार म्हणजे काय ते ठाऊक असतं.

आता या दोन माणसांना जरा लक्षात ठेवा. थोड्या वेळानं ती पुन्हा भेटणार आहेत.

मुंबईचा कायदा लातूरला कसा आला

मधे एक फेरा मुंबईला मारून येऊ, कारण आजच्या महापौराची कुंडली तिथं मांडलेली आहे.

१८६५ च्या कायद्यानं मुंबईत म्युनिसिपल कमिशनरच्या हाती जवळजवळ सगळी सत्ता आली. तो होता आर्थर क्रॉफर्ड. क्रॉफर्ड मार्केट ज्याच्या नावानं ओळखलं जातं, तोच. माणूस कामाचा होता. रस्ते केले, बाजार बांधला, शहर साफ केलं. पण पैसा असा उधळला की करदाते चिडले आणि १८७१ मध्ये त्यांनी रान उठवलं. त्यातून १८७२ चा कायदा झाला आणि निवडून आलेल्या सभासदांचं नगरमंडळ आलं. पुढे १८८८ चा कायदा आला, त्याच्या घडणीत फिरोजशहा मेहतांचा मोठा वाटा. त्या कायद्यानं तीन अधिकारपदं ठेवली : सभागृह, स्थायी समिती आणि कमिशनर. ठराव करायचा सभागृहानं, पैशाच्या दोऱ्या स्थायी समितीकडे आणि अंमलबजावणी कमिशनरकडे. कमिशनर नेमायचा कुणी? सरकारनं.

यात सभागृहाचा जो अध्यक्ष, त्याला १९३१ पासून मुंबईत ‘मेयर’ म्हणू लागले. मराठीत महापौर. हा शब्द सावरकरांनी घडवला आणि तो इतका रुळला की तो घडवलेला आहे हेच आपण विसरलो. शब्द भारदस्त. महा अधिक पौर. पण कायद्यातलं काम मात्र सभेचं अध्यक्षपद, इतकंच.

इंग्रजांचं यात गणित होतं. लोकांना बोलायला सभागृह द्यायचं, पण किल्ल्या आपल्या माणसाच्या कमरेला. स्वातंत्र्यानंतर काय झालं? १९४९ मध्ये मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम झाला, पुणे, अहमदाबाद अशा शहरांसाठी. त्यात तीच रचना. अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे, आयुक्तांची नेमणूक राज्य सरकारकडे. इंग्रज गेले, किल्ल्या त्याच कमरेला राहिल्या. फक्त सरकार आपलं झालं.

आणि हाच कायदा, आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम या नावानं, नांदेडला १९९७ मध्ये आणि लातूरला २०११ मध्ये लागू झाला. नांदेड-वाघाळा महानगरपालिका २६ मार्च १९९७ ची. लातूरची २५ ऑक्टोबर २०११ ची. निजामाच्या राज्यातून आलेल्या आपल्या शहरांना इंग्रजांनी मुंबईसाठी बेतलेला अंगरखा मिळाला, शंभरेक वर्षांनी.

दिल्लीतला एक विलक्षण योग

आता ती दोन माणसं.

डिसेंबर १९९२. संसदेत ७४ वी घटनादुरुस्ती मंजूर झाली. नगरपालिकांना घटनेत स्थान देणारी ही दुरुस्ती. १ जून १९९३ पासून ती अमलात आली. त्या वेळी लोकसभेचे अध्यक्ष कोण होते? शिवराज पाटील, लातूरचे माजी नगराध्यक्ष. देशाचे गृहमंत्री कोण? शंकरराव चव्हाण, नांदेडचे माजी नगराध्यक्ष. आणि पंतप्रधान नरसिंह राव, तेही हैदराबाद मुक्तिसंग्रामातून घडलेले. ज्या मुलखात गावाचा प्रमुख निवडायचा हक्क नव्हता, त्या मुलखातली माणसं देशभरातल्या शहरांना घटनात्मक हक्क मिळत असताना सर्वोच्च खुर्च्यांवर होती. मला हा योग फार विलक्षण वाटतो. आपल्याकडे त्याची नोंद कुणी फारशी घेत नाही.

त्या दुरुस्तीनं दिलं बरंच. पालिकेची मुदत पाच वर्षं, ती संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे. स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग. अनुसूचित जाती-जमातींना आणि महिलांना राखीव जागा, महिलांना किमान एक तृतीयांश. पुढे महाराष्ट्रानं ते निम्म्यावर नेलं. बाराव्या अनुसूचीत अठरा कामांची यादी.

पण एक गोष्ट तिनं राज्यांवर सोडली. पालिकेचा प्रमुख कसा निवडायचा आणि त्याला अधिकार कोणते द्यायचे. घटना म्हणते, ते राज्याच्या विधिमंडळानं ठरवावं. झालं! घराला पाया घटनेनं दिला, पण घरातल्या कर्त्याला किल्ल्या द्यायच्या की नाहीत हे मुंबईच्या मर्जीवर राहिलं. मुंबईनं त्या दिल्या नाहीत. १९९८ मध्ये मुंबईत महापौर परिषदेचा प्रयोग झाला, म्हणजे महापौर आणि त्याचं छोटंसं मंत्रिमंडळ. तो वर्षभरात गुंडाळला गेला.

महापौर झाले म्हणजे काय झालं

नगरपालिकेची महानगरपालिका झाली तेव्हा आपल्याला मोठं झाल्यासारखं वाटलं. पाट्या बदलल्या. नगराध्यक्षाचा महापौर झाला, मुख्याधिकाऱ्याच्या जागी आयुक्त आले. पण हिशोब मांडून बघू.

महापौरांना मतदार थेट निवडत नाहीत. नगरसेवक निवडतात. मुदत अडीच वर्षं. पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव, हे मंत्रालयात सोडत काढून ठरतं. महापौर सभा चालवतात, मतं समसमान झाली तर निर्णायक मत देतात, आयुक्तांकडून माहिती मागवू शकतात. निविदेवर सही? आयुक्त. कर्मचाऱ्याची बदली? आयुक्त. अतिक्रमण काढणं? आयुक्त. खर्चाची मंजुरी? स्थायी समिती, सोळा जणांची, त्यातले निम्मे दरवर्षी निवृत्त होणारे. आणि सभागृहानं एखादा ठराव केला, सरकारला तो पटला नाही, तर सरकार तो विखंडित करू शकतं.

मग आयुक्त ऐकतच नसतील तर सभागृहानं काय करायचं? कायद्यात एक हत्यार आहे. एकूण नगरसेवकांपैकी पाच अष्टमांश नगरसेवकांनी ठराव केला की आयुक्तांना परत बोलवावं. लातूरच्या ७० मध्ये म्हणजे ४४, नांदेडच्या ८१ मध्ये ५१. लातूरला २०१२ च्या पहिल्याच निवडणुकीत काँग्रेसचे ४९ नगरसेवक होते. नांदेडला २०१७ मध्ये काँग्रेसनं ८१ पैकी ७३ जिंकल्या. हत्यार हातात होतं की! पण २०१६ मध्ये नवी मुंबईत काय झालं ते आठवा. तुकाराम मुंढे आयुक्त होते. शंभराहून जास्त नगरसेवकांनी त्यांच्याविरुद्ध ठराव केला. सरकारनं तो अमलात येऊ दिला नाही, आयुक्त पुढे काही महिने तिथंच राहिले. आयुक्त बरोबर होते की नगरसेवक, हा वेगळा वाद आहे, त्यात मी पडत नाही. मुद्दा इतकाच की शेवटचा शब्द शहराचा नव्हता.

गंमत बघा, छोट्या गावाचं याहून बरं आहे. नगरपालिकेचा नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडायचा प्रयोग महाराष्ट्रात १९७४ मध्ये झाला. मग बंद. २००१ मध्ये पुन्हा सुरू, २००६ मध्ये बंद. २०१६ मध्ये सुरू, २०२० मध्ये बंद, २०२२ मध्ये परत सुरू. सरकार बदललं की पद्धत बदलते. ज्याला थेट निवडणुकीत फायदा दिसतो तो ती आणतो, ज्याला नाही तो काढतो. लोकांना काय सोयीचं, हा विचार त्यात कितपत असतो हे तुम्हीच ठरवा. पण आजची स्थिती अशी की उदगीर, औसा, अहमदपूरचा मतदार आपला नगराध्यक्ष स्वतः बटण दाबून निवडतो. तिकडे देगलूर, कंधार, मुखेडचा मतदारही. आणि लातूर शहराचा मतदार? तो नगरसेवक निवडतो आणि महापौर कोण झाला ते दुसऱ्या दिवशी पेपरात वाचतो.

याचे परिणाम दिसतात. नांदेडला २०१७ ते २०२२ या एका मुदतीत चार महापौर झाल्या. शीला भवरे, दीक्षा धबाले, मोहिनी येवनकर, जयश्री पावडे. चौघीही महिला, ही अभिमानाची गोष्ट. पण पाच वर्षांत चौघी म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला सरासरी सव्वा वर्ष. त्यातच करोनाची साथ. सव्वा वर्षात महापालिकेचा कारभार समजतो तोवर राजीनाम्याची वेळ येते. हा दोष त्यांचा नाही. पद वाटून द्यायचं असतं, कारण त्यानं कुणाचं काम अडत नाही, अशी आपली समजूत आहे. ज्या खुर्चीवर खरी सत्ता असते ती कुणी अशी वाटून घेत नाही.

लातूरला २०१७ मध्ये भाजपनं ७० पैकी ३६ जागा घेतल्या. त्याआधीच्या सभागृहात त्यांचा एकही नगरसेवक नव्हता. इतका मोठा पालट लोकांनी केला. सुरेश पवार महापौर झाले. अडीच वर्षांनी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, सभागृहातली काही मतं फिरली आणि काँग्रेसचे विक्रांत गोजमगुंडे महापौर झाले. चांगलं झालं की वाईट, ते प्रत्येकानं आपल्या पक्षाप्रमाणे ठरवावं. इतिहासाच्या दृष्टीनं इतकंच नोंदवायचं की शहराचा प्रमुख बदलला आणि मधे एकाही नागरिकानं मत दिलं नव्हतं.

पाण्याची गाडी

एप्रिल २०१६. मांजरा धरण कोरडं पडलं. धरण तरी कुठं, धनेगावला, बीड जिल्ह्यात. मार्चमध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी टाक्यांच्या, पाणवठ्यांच्या परिसरात जमावबंदी लावली, पाण्यावरून मारामाऱ्या होतील म्हणून. आणि १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. साऱ्या देशाच्या वाहिन्या लातूरला उतरल्या.

ती गाडी आली कुठल्या वाटेनं? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी. म्हणजे त्या जुन्या बार्शी लाइट रेल्वेच्याच वाटेनं, रूळ तेवढे रुंद झालेले. १९११ मध्ये ज्या वाटेनं व्यापार आला, त्या वाटेनं एकशे पाच वर्षांनी घागरभर पाणी आलं.

पण माझा प्रश्न पदाचा आहे. त्या दिवसांत गाडी आणली रेल्वेनं. नियोजन जिल्हा प्रशासनाचं. निर्णय मुंबई-दिल्लीचा. धरण पाटबंधारे खात्याचं. आणि नळाला पाणी नाही म्हणून लोक मोर्चा घेऊन जात होते ते महानगरपालिकेवर. पाणीपुरवठा हा तर बाराव्या अनुसूचीतला विषय, शहराचा विषय. पण धरणावर महापौरांचा अधिकार नाही, आयुक्तांवर नाही, पैशावर नाही. पैशाचं तर विचारूच नका. जकात गेली, एलबीटी आला, १ ऑगस्ट २०१५ पासून तोही बहुतेक व्यापाऱ्यांसाठी गेला, २०१७ मध्ये जीएसटी आला. शहराच्या हातात उरली मुख्यतः घरपट्टी, पाणीपट्टी आणि सरकारकडून येणाऱ्या अनुदानाची वाट. शिव्या खायला महापौर, सही करायला आयुक्त, पैसा द्यायला मंत्रालय. अशी वाटणी असली की जबाबदार कुणीच नसतो. मला वाटतं, लातूरची तहान ही पावसाची जितकी होती तितकीच या वाटणीचीही होती.

प्रशासकराज

आणि मग २०२२. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात अडकला होता. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विकास गवळी प्रकरणात निकाल दिला, पुढे प्रभागरचना बदलल्या, सरकार बदललं, पुन्हा प्रभागरचना. मुदती संपत गेल्या. नांदेड, लातूरच नव्हे, मुंबई-पुण्यासह सगळ्याच महानगरपालिकांवर प्रशासक आले. घटना सांगते, मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या. अखेर ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं निवडणुका घ्यायला लावल्या आणि १५ जानेवारी २०२६ ला २९ महानगरपालिकांसाठी मतदान झालं. लातूरला काँग्रेसला, नांदेडला भाजपला बहुमत मिळालं.

मधल्या काळात आयुक्त हेच प्रशासक. म्हणजे आयुक्त या नात्यानं प्रस्ताव मांडायचा आणि प्रशासक या नात्यानं तोच मंजूर करायचा. एकाच टेबलावर फाइल या बाजूनं निघते आणि त्या बाजूला पोचते. आता सांगा, हा माणूस आणि निजामाच्या काळातला अव्वल तालुकदार यांच्यात रचनेच्या दृष्टीनं फरक तो कोणता? माणूस चांगला असेल, प्रामाणिक असेल. तालुकदारही काही चांगले होतेच. पण तो शहराला बांधील नाही.

मराठवाड्याला याची सवय आहे, हे वाईट. औरंगाबादची महानगरपालिका १९८२ ची, पहिली निवडणूक १९८८ मध्ये. पहिली पाच-सहा वर्षं नगरसेवकच नाहीत.

जरा दूर, ब्राझीलला

जगात सगळीकडे असंच आहे का? एकच उदाहरण देतो, ब्राझीलचं. तिथल्या शहराच्या महापौराला प्रेफेइतो म्हणतात. १९६४ ते १९८५ तिथं लष्करी राजवट होती. त्या काळात राज्यांच्या राजधान्यांचे महापौर निवडून येत नसत, नेमले जात. १९८५ मध्ये लोकांनी पुन्हा आपले महापौर निवडले आणि १९८८ च्या घटनेनं नगरपालिकेला केंद्र आणि राज्य यांच्या बरोबरीनं संघराज्याचा घटक मानलं. महापौर थेट निवडला जातो, मुदत चार वर्षं. मोठ्या शहरांत, म्हणजे दोन लाखांवर मतदार असतील तिथं, निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर दुसरी फेरी. शहराचं प्रशासन त्याच्या हातात, वेगळा आयुक्त नाही.

आता तुम्ही म्हणाल, नेमलेला माणूस चांगलं काम करत नाही का? करतो. कुरितिबा या शहराचे जेमी लेर्नर १९७१ मध्ये नेमलेले महापौर होते, लष्करी राजवटीतले. त्यांनी बसगाड्यांसाठी स्वतंत्र मार्ग केले, जगभर त्याची नक्कल झाली. पण याच लेर्नरांना १९८८ मध्ये लोकांपुढे जाऊन मतं मागावी लागली आणि ते निवडून आले. चांगलं काम करणाऱ्याला मत मागायची भीती नसते. दुसरीकडे पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून अंदाजपत्रकातला काही खर्च कुठं करायचा हे वस्त्यावस्त्यांतल्या सभा ठरवू लागल्या. महापौराकडे अधिकार होते म्हणून तो ते लोकांना वाटू शकला. ज्याच्या हातात काही नाही तो वाटणार काय?

तिथं सगळं सोन्याचं आहे असं नाही. भ्रष्टाचार आहे, कर्ज आहे, झोपडपट्ट्या आहेत. पण कचरा उचलला नाही तर कुणाला पाडायचं हे तिथल्या मतदाराला माहीत असतं.

शेवटी

मंडळी, इतिहासाचा धागा एवढाच आहे. तालुकदार, मग लोकांचा नगराध्यक्ष, मग आयुक्तांच्या सावलीतला महापौर, मग पुन्हा प्रशासक. १९४८ नंतर आपण एक पाऊल पुढे टाकलं होतं. शहर मोठं झालं, पदाचं नाव मोठं झालं, पण ते पाऊल मात्र मागे आलं. आता दोन्ही शहरांत नवी सभागृहं आली आहेत. महापौरांचा सत्कार जरूर करा, हार घाला. पण हार घालताना एक विचारा : या अडीच वर्षांत कोणत्या कागदावर तुमची सही असणार आहे? उत्तर काय येतं ते बघा.



प्रश्नोत्तरे

*प्रश्न : महापौर थेट निवडला तर प्रश्न सुटेल का?*

नुसत्या थेट निवडणुकीनं नाही सुटणार. नगराध्यक्ष थेट निवडून आला आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं, तर रोज भांडण, हे आपण २००१ नंतर पाहिलं आहे. थेट निवडणूक हवी, पूर्ण पाच वर्षांची मुदत हवी आणि आयुक्तांनी महापौरांना उत्तर द्यायला हवं. तिन्ही एकत्र. यातलं एकच दिलं तर मतं मोठी, हात रिकामे, असा महापौर तयार होईल.

*प्रश्न : सगळे अधिकार एका राजकीय माणसाला दिले तर भ्रष्टाचार वाढणार नाही का?*

भीती रास्त आहे. पण आज भ्रष्टाचार नाही, असं तुमचं म्हणणं आहे का? (हशा) आज तो झाला तर नगरसेवक आयुक्तांकडे बोट दाखवतात, आयुक्त स्थायी समितीकडे, समिती मंत्रालयाकडे. क्रॉफर्डच्या वेळी मुंबईच्या करदात्यांना एक सोय होती, कुणाच्या नावानं ओरडायचं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. आपल्याला निदान तेवढं तरी ठाऊक असावं.

*प्रश्न : सामान्य माणसानं आज काय करावं?*

सभागृहाच्या बैठका नागरिकांना बघता येतात. वर्षातून एकदा, अंदाजपत्रकाच्या दिवशी, प्रेक्षक सज्जात जाऊन बसा. दहा-बारा जण मिळून जा. आपला नगरसेवक तोंड उघडतो का आणि त्यावर आयुक्त काय म्हणतात ते ऐका. सज्जा भरलेला असला की खालची माणसं वेगळी वागतात. तालुकदाराच्या कचेरीत आपल्या आजोबा-पणजोबांना बसायला सज्जा नव्हता. आपल्याला आहे.